बाळ परत मिळणार नाही

वायादोलिद, २२ डिसेंबर

बेल्किसताई,

नाही. मी येत नाही. आणि बाळही पाठवत नाही.

हे पत्र तुला रामोनामावशी वाचून दाखवतील, कारण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस आणि आपल्या गावात टपाल यायचं कधीच थांबलं. मी कागदावर लिहिते, फोटो काढून पाठवते आणि शेजारधर्म म्हणून मावशी आपला फोन घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात येतात. मावशी, चष्मा लावा आणि सगळं मोठ्याने वाचा. काही गाळू नका. ती बटाटे सोलत बसेल, ऐकत नसल्याचं सोंग करेल. तिच्या सुरीकडे लक्ष ठेवा. सुरी थांबली की समजा, ऐकतेय.

तर ताई, तुझा निरोप पोचला. "बाईसाहेबांना कार्ड मिळालं ना? सुट्टी मिळाली ना? मग पहिल्या विमानाने यावं, बाळ घेऊन यावं, कांदेलारियाच्या सणाआत, दोन फेब्रुवारीच्या आत, त्याला उभं करू. नाहीतर या घराचं नाव पुन्हा तोंडात घेऊ नये." मावशींनी तुझा आवाज काढून दाखवला. हुबेहूब. नाकातून.

इथे राहायचं कार्ड नोव्हेंबरात मिळालं, खरं आहे. इतकी वर्षं या देशातून पाय बाहेर टाकायची सोय नव्हती, टाकला तर परत आत घेतलं नसतं. आता टाकता येतो. मी जिथे डाळीची पातेली ढवळते ती शाळा सात जानेवारीपर्यंत बंद आहे. आणि मी युरोप बघायला निघाले आहे. आधी ल्यों, मग जेनोआ, मग व्हिएन्ना. पाठीवर एक बॅग आहे आणि बॅगेत लोकरीच्या जाड मोज्यात घातलेलं आपलं बाळ.

हो, मौज करायला चालले आहे. दुसरं काही कारण नाही, शोधू नकोस.

आणि ते 'चोरटी, चोरटी' सहा वर्षं ऐकतेय. ठीक आहे, चोरटी तर चोरटी. पण मग नियम अर्धा का लावतेस? पुरा लाव की. आपल्या डोंगरात नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यातून बाळ येशूची मूर्ती चोरीला गेली तर मालकीण घरात बसून निरोप पाठवत नाही. डोक्याला रुमाल बांधते, व्हायोलिनवाल्याला पुढे घालते आणि दारोदार गात हिंडते, सापडेपर्यंत. सापडलं की चोराच्याच घरी जेवते. मग चौघं रेशमी रुमालाची चार टोकं धरून बाळाला घरी आणतात आणि मालकीण त्याला पायांवर उभं करते. आजवर कुठल्या चोराने बाळ गुंडाळून परत पाठवलंय, सांग बरं! मी कुठे आहे ते मात्र कळवत जाईन. एवढी सवलत देते.

बस लागली.

तुला आवडो न आवडो, तुझीच
योलिमार


ल्यों, २६ डिसेंबर

ताई,

मावशी म्हणाल्या, सुरी थांबली होती. झकास!

इथे ग्रेगोरिओकडे उतरले आहे. आपल्या गल्लीच्या टोकाचा, दर जानेवारीत बाळापुढे व्हायोलिन वाजवत चालायचा, तोच. आता इथे फरशा बसवतो. केस गेले, पोट आलं, व्हायोलिन मात्र आहे. त्याच्या बायकोने मक्याच्या पिठात सारण भरून नाताळच्या अयाका केल्या. बांधायला केळीची पानं व्हिएतनामी दुकानात गोठवलेली मिळाली, ती निम्मी फाटकी निघाली. उरलेल्या अयाका तिने चांदीच्या कागदात बांधल्या. आई असती तर म्हणाली असती, "हे काय गं, औषधाच्या गोळ्या आहेत का?" पण मी पोटाला तडस लागेपर्यंत खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर ग्रेगोरिओ म्हणाला, "बाळ काढ बघू." मी मोज्यातून काढून टेबलावर ठेवलं. मग त्याने हात पुसले आणि बाळाच्या पायांना ओठ लावले.

"उभं करून टाकू की इथेच," तो म्हणाला. "व्हायोलिन आहे. टोकं धरायला शेजारपाजारचे बोलावू. गावात तरी आता कोण राहिलंय?"

"आज नको."

"मग कधी?"

"बघू."

"अगं, बेल्किसची वाट बघतेस की काय? ती बाई मेरिदाच्या बाजाराला जायचं तर आदल्या दिवशी पाद्रीबाबांकडे पापं कबूल करून येते, परत आलेच नाही तर म्हणून!"

त्याची बायको हसून हसून पाणी प्यायला उठली. मीही हसले. तूही हस, खोटं आहे का ते?

मी काही तुझी वाट बिट बघत नाहीये. मन झालं नाही, इतकंच. एवढ्या तेवढ्याला कारण लागतं का?

नंतर त्याने आईच्या आवडीची चाल वाजवली, ती हळू सुरू होऊन मग धावत सुटते ना, ती. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले आणि पोरासोरांसमोर नाक फडक्याला पुसलं. हे तुला मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणशील तिला कशाचंच काही नाही.

योलिमार


जेनोआ, २९ डिसेंबर

ताई,

काल मला पोलिसांनी धरलं. मावशी, इथे जरा थांबा, तिचा चेहरा बघा आणि मग पुढे वाचा.

इथल्या एका चर्चमध्ये नाताळचा मोठा देखावा मांडलाय. मातीचं अख्खं गाव: लोहार, मासेवाल्या, चोर कुत्री, आणि मधे गोठ्यात त्यांचं बाळ, सोनेरी मुलामा दिलेलं. मला वाटलं, आपलं बाळ एवढ्या लांबून आलंय, घटकाभर भेटू दे दोघांना. दोरी ओलांडून मी आत गेले, मोज्यातून आपलं बाळ काढलं, त्यांच्या शेजारी निजवलं. एक आपल्या वडिलांच्या नावाने आणि एक आईच्या नावाने प्रार्थना म्हटली. मग आपलं उचललं आणि निघाले.

तोच मागून आरोळी, "लाद्रा!" चर्चचा राखणदार, वाळका म्हातारा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो शब्द आपल्या भाषेतल्यासारखाच आहे, तेव्हा कळायला वेळ लागला नाही. चोर म्हणत होता.

आणि ताई, मला काय झालं कोण जाणे, माझा चेहराच उजळला! आपल्याकडे बाळाचा चोर म्हटलं की लोक टाळ्या पिटतात, हातात गरम पेला आणि केक देतात. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "हो हो! मीच! मीच चोरलं!" म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. मी अजून हसतेच आहे. "आमच्या गावाहून चोरलंय! सहा वर्षं झाली, अजून कोणाला सापडलं नाही!" झालं, जमली गर्दी. आला पोलीस. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की हा गाव आपला नव्हे आणि इथे या बोलण्याला कोणी केक वाटणार नाही.

पोलीस पोरगेला होता. त्याने दोन्ही बाळं शेजारी ठेवून पाहिली. त्यांचं गोरंपान, सोन्याचं. आपलं काळंसावळं, अंगठा मेणाने चिकटवलेला, अंगात तू विणलेला तांबडा रुआना, खांद्यांवरून सोडलेला लोकरीचा. पोलिसाने रुआना उचलून पाहिला.

"हे विणलं कोणी?"

"माझ्या ताईने."

"ती कुठे आहे?"

"घरी. माझ्यावर रागावून बसलीय."

म्हातारा किल्ल्या खुळखुळवत म्हणाला, "बरोबरच आहे तिचं."

सुटले. तशीच चालत समुद्रावर गेले. ताई, आपल्या देशाला केवढा किनारा आणि तू पन्नाशीला आलीस तरी समुद्र पाहिला नाहीस. का? तर आधी वडिलांचा दमा, मग आईचे गुडघे, मग कोंबड्या. मी बाळाचे पाय पाण्यात बुडवले. गार होतं पाणी. त्याने काही तक्रार केली नाही.

योलिमार


व्हिएन्ना, १ जानेवारी

बेल्किसताई,

मावशींकडून तुझं बोलणं कळलं. "आईला जाऊन वर्ष झालं नाही आणि ही गावोगाव उंडारतेय. लाज विकून खाल्ली."

नाही विकली. इथेच आहे, माझ्याजवळ, तुला हवी तर अर्धी देते.

काल संध्याकाळी मी नाचले. चौकात, बर्फात, लाल स्वेटर घालून. सुतकाचा काळा नाही, लाल. एक स्लोव्हाक बसड्रायव्हर होता, बापाच्या वयाचा, त्याने हात पुढे केला. त्याला माझं एक अक्षर कळेना, मला त्याचं कळेना. त्याने मला अशी गरगर फिरवली की माझी टोपी उडून एका बाईच्या सूपमध्ये पडली. ती बाई रागवायची सोडून स्वतःच नाचायला आली. आपण लहानपणापासून बर्फ बघत आलो, पण लांबून, शिखरावर. काल तो माझ्या बुटात होता. मला फार, फार आनंद झाला. लिहून देते. फार आनंद झाला.

आता तू ऐक. एप्रिलमध्ये आई गेली तेव्हा मी तुला किती फोन केले, तुला ठाऊक आहे. एक उचलला नाहीस. नऊ दिवस जपमाळ झाली, गावाला जेवण घातलंस, सगळं रीतसर, तुझ्यात खोट कोण काढणार? पण मला ऐकू यावं म्हणून कोणी फोन धरला नाही. मावशींनी ॲप्रनच्या खिशात चोरून चालू ठेवला, म्हणून निदान गाणी ऐकू आली. (मावशी, घाबरू नका, आता उघडं पडलं ते पडलं.) आणि गाण्यांच्या मधे तुझा आवाज आला. कोणीतरी विचारलं, धाकटी कुठे? तू म्हणालीस, "ती काय, युरोपात मजा मारतेय."

मी त्या वेळी पोरांची ताटं धूत होते. नळ चालू ठेवला, रडणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. युरोप म्हणजे माझ्यासाठी तेव्हा ती मोरी आणि शाळेसमोरचा बसथांबा.

त्या दिवशीच ठरवलं, कार्ड हातात पडू दे. आळ आलाच आहे ना? मग फुकटचा कशाला घेऊ? मजा मारून दाखवते. तर ही बघ, मारतेय. आणि तुझी माफी मागणार नाही. नाचल्याची नाही, लाल स्वेटरची नाही, बाळाचीही नाही. चोर तो चोर वर शिरजोर म्हण, म्हणायला माझी हरकत नाही.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

योलिमार


वायादोलिद, १८ जानेवारी

ताई,

शाळा सुरू झाली. पातेली, डाळ, गोंगाट. मी ठरवलं होतं, आता तू बोलल्याशिवाय लिहायचं नाही. पण काल मावशींचा निरोप आला. तू सुताराकडे नवीन बाळ करायला टाकणार आहेस म्हणे. "जुन्याचा विषय संपला. कांदेलारियाला नवीन उभं करते."

टाकू नकोस. सुताराला नाही म्हण. मी आजवर कोणाला न सांगितलेलं सांगते, मग काय ते ठरव.

मावशी, घसा खाकरा. आता तुमचंही नाव येतंय.

मी बाळ चोरलं नाही. आईने दिलं.

मी निघाले त्या सकाळी तू गिरणीवर गेली होतीस. आईने पेटीतून बाळ काढलं, मावशींनी भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या बॅगेत, बुटांच्या खाली, कोंबलं. विचार त्यांना. समोरच बसल्यात. इतके दिवस 'चोरटी' हा शब्द त्यांनी कसा सरळ चेहऱ्याने वाचला, मला तर नवल वाटतं.

आई म्हणाली, "बेल्किस माझ्यापायी या चुलीला बांधली गेलीय. मी आहे तोवर ती हलायची नाही, आणि मी गेले की हलायची सवय उरायची नाही. बाळ इथे असलं तर म्हणेल, त्याला सोडून कशी जाऊ? तू ने त्याला. ती नियमाची पक्की आहे. चोरीला गेलं म्हटल्यावर आज ना उद्या शोधायला बाहेर पडेल."

मी म्हटलं, "आणि मी चोर होऊ?"

"हो. तुझं काय बिघडतंय? तू तशीही गावात नावाजलेली आहेस."

"मग तिला आजच सांग की!"

"वेडी आहेस का? ती आज निघाली तर माझं जेवणखाण कोण करेल? मी गेल्यावर सांग."

अशी होती आपली आई. तुझ्यावर जीव होता आणि तुझ्या हातच्या पिस्का सूपवरही. दोन्ही खरं होतं.

एप्रिलमध्ये का नाही सांगितलं, विचारशील. एक तर मी चिडले होते. अजून आहे. आणि दुसरं असं, की आईची इच्छा म्हणून सांगितलं तर ती तुझ्यासाठी आज्ञा होते, आणि आज्ञा म्हटली की तू विहिरीतसुद्धा उडी मारशील, वर म्हणशील, माझं कर्तव्यच होतं. मला कर्तव्य म्हणून आलेली बेल्किस नको आहे. ती मी जन्मभर पाहिली. तू स्वतःच्या मनाने निघावंस, इतकंच मला हवं होतं. म्हणून शहरामागून शहर कळवत राहिले, डिवचत राहिले. वाटलं, राग तरी तिला दाराबाहेर काढेल.

हो, वाट बघत होते. ल्योंमध्ये खोटं लिहिलं.

आता आईचं सगळं ऐकलंस ना? मग ते विसर. आईसाठी येऊ नकोस. बाळासाठी येऊ नकोस. माझ्या थोबाडीत मारायला ये, तेवढं कारण पुष्कळ आहे. आणि यायचंच नसेल तर नवीन बाळ उभं कर, सुखाने राहा, पण हे मी परत करणार नाही. कधीच नाही. माझ्यामागे माझ्या पोरांनाही सांगून ठेवीन, झाली तर.

योलिमार


वायादोलिद, ३ फेब्रुवारी

ताई,

काल कांदेलारिया होती. बाळ माझ्या खिडकीत आडवंच आहे. मुदत गेली तर गेली. देव काही शाळेतला मास्तर नाही, उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभं करायला.

काल दुपारी स्वयंपाकघरात मावशींचा आवाजी निरोप ऐकला. आधी त्यांचं रडगाणं: तू त्यांच्याशी आठवडाभर बोलत नव्हतीस, "तुम्हीसुद्धा, मावशी?" म्हणून एक कच्चा बटाटा फेकून मारलास, तो त्यांच्या कोपराला लागला. मग सुताराची बातमी, तू त्याच्याकडे गेलीच नाहीस. मग कोंबड्यांची, मग हवेची. मी कंटाळून बंद करणार, तेवढ्यात मागून, लांबून, चुलीपाशी असतेस तिथून, तुझा आवाज आला:

"तिला सांगा, माझ्याकडे पासपोर्ट नाही."

ताई, डाळ करपली. पातेलंभर. पोरांना करपट डाळ खावी लागली, मुख्य आचाऱ्याने माझा उद्धार केला आणि मी त्याच्यासमोर वेड्यासारखी हसत उभी. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. 'येत नाही' म्हणाली नाहीस. 'जमणार नाही' म्हणाली नाहीस. 'कोंबड्यांना कोण बघेल' हेसुद्धा म्हणाली नाहीस! पासपोर्ट नाही म्हणालीस.

नाही ना? मग काढ!

मेरिदाच्या कचेरीत जा. पहिल्या खेपेला परत पाठवतील, काहीतरी खुसपट काढून. दुसऱ्या खेपेलाही पाठवतील. तू तिसऱ्या खेपेला जा आणि तिथेच बाकावर विणकाम घेऊन बस. तुझ्यासारख्या हट्टी बाईपुढे कुठली कचेरी टिकते ते बघू या. आपल्या लोकांना इथे फिरायला यायला व्हिसा लागत नाही, तेव्हा तो बहाणा काढू नकोस. तिकिटाचं मी बघते, त्यावर वाद नको. कोंबड्या मावशी बघतील. मावशी, हे वाक्य तोंडातल्या तोंडात वाचू नका, बघणार आहात तुम्ही.

आणि घाई नाही. वर्ष लागलं तर लागू दे. दोन लागू देत. बाळ काही उठून जात नाही.

एकच लक्षात ठेव. पासपोर्टचा फोटो काढताना हसू देत नाहीत. चेहरा एकदम कडक लागतो, ओठ मिटलेले, कपाळाला आठी चालते. आजूबाजूच्या सगळ्या बायकांना ते पुन्हा पुन्हा काढावे लागतात, तुझा पहिल्याच खेपेला निघेल.

योलिमार